स्वयंपाकघरात अडकलेला बाण

कुमार सबनीसचं भोरचं घर फार देखणं होतं. पूर्वेला ओटी, ओटीवर झोपाळ्यापुरती जागा, मध्ये ऐसपैस माजघर, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की हौद. या घरात उणीव एकच होती. ते अजून बांधलेलं नव्हतं. सौदीतल्या अल-खोबरमध्ये, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर एक कॉम्प्युटर होता, त्यात ते घर होतं, आणि गेली सहा वर्षं ते तिथेच मुक्कामाला होतं.

कुमार अबकैकच्या प्लान्टवर इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. आठवडाभर तो दुसऱ्यांच्या तेलाचा दाब, दुसऱ्यांच्या तेलाचं तापमान बघायचा आणि गुरुवार उजाडला की चहाचा कप घेऊन आपल्या घरी जायचा. म्हणजे टेबलापाशी. मग दुपारपर्यंत त्याला हाक मारण्यात अर्थ नसे. एखादी भिंत चार बोटं सरकवायची, मागे रेलून तिच्याकडे बघायचं, पुन्हा दोन बोटं परत आणायची, असा त्याचा सुट्टीचा दिवस जाई. सहा वर्षांत त्या घराने अकरा स्वयंपाकघरं पाहिली. जिना तीनदा आत आला आणि तीनदा बाहेर गेला. देवघराने चारही दिशा पालथ्या घातल्या. एकदा तर मोठ्या झोपायच्या खोलीला दारच ठेवायचं राहिलं, आणि पाच महिने ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या पाच महिन्यांत तिथे झोपायला कोणी गेलं नव्हतं.

त्याची बायको विभावरी हे सगळं स्वयंपाकघरातून बघायची. अकरापैकी नव्हे, खोबरमधल्या खऱ्या. चौदा वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा स्वानंदी चार वर्षांची होती. आता स्वानंदी पुण्याला हॉस्टेलवर होती, फोनवर इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि फ्लॅटमध्ये दोघंच उरली होती. परत कधी जायचं, या प्रश्नाला कुमारचं उत्तर ठरलेलं होतं: घर झालं की जाऊ. घर कधी होणार? नकाशा झाला की. आणि नकाशा कधी होणार, हे विचारायला गेलं की कुमार स्क्रीनकडे अशा हळुवार नजरेने बघायचा की विचारणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

त्या वर्षी मात्र विभावरीने नकाशाची वाट न बघता हालचाल केली. तिच्या भावाने भोरचे धोंडीराम मिस्त्री गाठले. मिस्त्रींनी जमीन बघितली, दसऱ्याला भूमिपूजन उरकायचं कबूल केलं आणि निरोप धाडला की कोजागिरीच्या सकाळी आपण दोरी मारून पाया आखणार. नकाशा तोवर हातात हवा. नाही आला तर आपण महाडच्या कामावर जाऊ आणि मग भोरचं काम पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. पुढच्या पावसाळ्यानंतर या शब्दांचा अर्थ विभावरीला चांगला ठाऊक होता. कुमारलाही होता. म्हणून त्याने मान्य केलं की दसऱ्याला नकाशा ईमेलने जाईल. राहिलंय काय, तो म्हणाला, फक्त स्वयंपाकघराची खिडकी. ती एकदा कुठे ठेवायची ते ठरलं की झालं.

दसरा बुधवारी आला. रमजानचे दिवस, त्यामुळे प्लान्टवरून एकलाच सुटका. अडीचच्या सुमाराला कुमार घरी पोचला तेव्हा सगळं खोबर झोपलं होतं. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर गाडी नाही, समुद्रावरचं ऊनसुद्धा पेंगुळल्यासारखं. रमजानातल्या दुपारी हे गाव असं होतं की आपण जागे आहोत की नाही याची माणसाने स्वतःशी खात्री करून घ्यावी. बासुंदी-पुरी झाली, सोनं दिलं-घेतलं. इथे आपट्याची पानं कुठली मिळणार, विभावरी कागदाची कापायची. मग कुमार टेबलापाशी बसला, माऊस हातात घेतला आणि तो सरकवला.

स्क्रीनवरचा बाण सरकला नाही.

नकाशा आदल्या दिवसापासून उघडाच होता आणि बाण नेमका स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभा होता. कुमारने माऊस डावीकडे नेला, उजवीकडे नेला, उचलून आपटला. बटण दाबलं की टिक् वाजायचं आणि ओट्यावर एक ठिपका उमटायचा. चार वेळा दाबलं, चार ठिपके. पण बाण तिथून हलेना. सासरी आलेल्या नव्या सुनेला पहिल्या दिवशी ओट्यापाशी उभं करावं तसा तो उभा होता. विभावरीने येऊन बघितलं. नवीन माऊस आणावा, ती म्हणाली. हे वाक्य इतकं सरळ होतं की त्या दुपारी ते कोणीच मनावर घेतलं नाही.

कारण कुमारच्या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स होतं.

हे लिनक्स तिथे कसं आलं, ते सांगायला हवं. दुसऱ्या मजल्यावर गिरीश वैशंपायन राहायचा. तो एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात होता आणि मूळचा डोंबिवलीचा. दोन वर्षांपूर्वी एका व्हायरसने कुमारचं सातवं स्वयंपाकघर आणि अर्धी ओटी गिळली, तेव्हा गिरीशने येऊन जुनी सिस्टीम मुळासकट उपटली आणि हे घातलं. याला व्हायरस लागत नाही, तो म्हणाला, याला कोणी मालक नाही, हे जगातल्या सज्जन माणसांनी मिळून केलेलं काम आहे. बोलताना त्याचा गळा भरून आला होता. तेव्हापासून सबनीसांच्या कॉम्प्युटरला शिंक आली तरी गिरीश हजर. आणि काही बिघडलं की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, तो त्याच्या बायकोला, हेमलताला, लग्नाच्या फोटोतही दिसला नव्हता असं तीच सांगायची.

गिरीश आला. त्याने खुर्ची ओढली, बोटं मोडली आणि एक काळी चौकट उघडून तिच्यात काहीबाही टाइप केलं.

"आता मी याच्यावर कॅट सोडतो," तो म्हणाला.

कुमारला वाटलं गिरीश गंमत करतोय. पण गिरीश कॉम्प्युटरच्या बाबतीत गंमत करत नसे. लिनक्समध्ये कॅट नावाचा हुकूम खरोखरच आहे आणि तो माऊसकडून येणारी खबर जशीच्या तशी दाखवतो. कॅट सोडल्यावर गिरीशने बटण दाबलं, तशी काळ्या चौकटीत वेडीवाकडी अक्षरं सांडली. माऊस सरकवला, तर काही नाही. पुन्हा बटण, पुन्हा अक्षरं. गिरीश मागे रेलला. माऊस जिवंत आहे, त्याने निदान केलं, त्याची वाचा शाबूत आहे, फक्त पाय गेलेत. आता कोणाही सामान्य माणसाला वाटलं असतं की पाय गेलेत तर पायांकडे बघावं. पण गिरीश सामान्य नव्हता. दोष खोलवर आहे, तो म्हणाला, तुमचा माऊस स्वतःला एक समजतो आणि सिस्टीम त्याला दुसराच समजते. संध्याकाळी बँकेतून एक कागद आणतो.

हेमलताने ही हकिकत खालच्या मजल्यांवर पोचवली ती अशी, की सबनीसांकडचा उंदीर अर्धमेला होऊन पडलाय. अर्ध्या तासात इमारतीचा हारिस, म्हणजे पहारेकरी, सुपलं आणि फिनेल घेऊन दाराशी उभा. कुमारने त्याला हिंदीत समजावलं की चूहा मरा नहीं है, सिर्फ काम नहीं कर रहा. तो केरळचा शहाणा गृहस्थ क्षणभर विचार करून म्हणाला की साब, चूहा काम नहीं करता तो अच्छा ही है ना, आणि फिनेल ठेवून गेला.

गुरुवारी सकाळी गिरीशने सिस्टीमच्या पोटातली एक फाइल उघडली. त्या फाइलीत कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नोंद असते, असं त्याने सांगितलं. माऊसच्या नावापुढे जे लिहिलं होतं ते खोडून त्याने जुन्या, गोल पिनेच्या माऊसचं नाव लिहिलं, का तर जुनं ते सोशिक असतं. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. स्क्रीन काळा झाला. काळ्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली, आणि बाकी काही नाही. ओटी नाही, माजघर नाही, हौद नाही.

कुमार खुर्चीत बसला होता तो बसल्या जागी पांढरा पडला. सहा वर्षांत त्याला कधी वाटलं नव्हतं की ते घर पडू शकेल. विभावरी दारात उभी होती. तिने काळ्या स्क्रीनकडे बघितलं, मग कुमारकडे बघितलं आणि आत जाऊन डाळ धुवायला लागली. कोजागिरी सोमवारी होती.

गिरीश मात्र शांत होता. असं होतं, तो म्हणाला. त्याने खाली जाऊन आपला लॅपटॉप आणला आणि जगातल्या सज्जन माणसांना प्रश्न विचारला. तासाभराने पहिलं उत्तर आलं की हा प्रश्न या विभागात येत नाही. जवाजातच्या, म्हणजे पासपोर्ट खात्याच्या कचेरीत इकाम्याचे, राहण्याच्या परवान्याचे कागद घेऊन सहा नंबरच्या खिडकीवर जावं आणि तिथल्या माणसाने चारकडे बोट दाखवावं, तसं. चार नंबरच्या सज्जनांनी विचारलं की आधीचे प्रश्न वाचलेत का. आधीचे प्रश्न चारशे बारा होते. गिरीशने ते वाचले. तीनशे साठावा प्रश्न हुबेहूब कुमारचा होता: बटण चालतं, बाण हलत नाही. कोणा अनोळखी माणसाने तीन वर्षांपूर्वी तो विचारला होता आणि दुसऱ्याच दिवशी खाली त्यानेच लिहिलं होतं की प्रश्न सुटला, सर्वांचे आभार. कसा सुटला ते लिहिलं नव्हतं. गिरीश त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या सज्जनांपैकी एकाचा राग आला असावा.

दुपारी तीनला स्क्रीन परत आला. कसा आला, ते गिरीशलाही नीट सांगता आलं नाही. नकाशा उघडला, घर होतं तिथे होतं. कुमारने ओटीपासून हौदापर्यंत नजर फिरवली आणि त्याचे डोळे पाणावले, ते त्याने चष्मा पुसण्याच्या निमित्ताने लपवले. माऊस मात्र आता मुळीच बोलेना. बटणं दाबूनही टिक् नाही की ठिपका नाही. गिरीशने आपला स्वतःचा, नवा, चालता माऊस आणून जोडला. तोही गप्प. बघा, गिरीश विजयी स्वरात म्हणाला, म्हणजे दोष माऊसमध्ये नव्हताच. त्याने तात्पुरती सोय म्हणून कीबोर्डवरच्या आकड्यांना बाण ढकलायचं काम लावून दिलं आणि तो जेवायला गेला. चार दाबलं की बाण डावीकडे, सहाला उजवीकडे, आठला वर, दोनला खाली, मधलं पाच दाबलं की टिक्. फक्त तो फार सावकाश चालायचा.

शुक्रवारी दुपारी पुन्हा तशीच निजलेली वेळ होती. पडदा हलत नव्हता. विभावरी भांडी आवरून आली आणि कधी नव्हे ती कुमारच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. कुमार चार दाबत होता. बाण अंगणातून ओटीकडे निघाला होता, एकेक ठिपका टाकत, देवळातून घरी निघालेल्या म्हाताऱ्या बाईच्या चालीने. माऊस असताना तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात झर्रकन जायचा, मधलं काही दिसायचंच नाही. आता घर चालत बघावं लागत होतं.

"थांबा जरा ओटीवर," विभावरी म्हणाली.

कुमार थांबला. बाण ओटीवर थांबला. ती म्हणाली की इथे चपला काढायला जागा पाहिजे. मग दोघं आत गेली. माजघरात तिने डावीकडच्या भिंतीला आईची घडवंची ठेवली. कुमारने तिला पलीकडची खोली दाखवली, ती म्हणाली स्वानंदी आली की इथे झोपेल, उन्हं उशिरा येतात ना इथे. कुमारला आश्चर्य वाटलं. उन्हं कुठून कधी येतात ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. आठ दाबत, चार दाबत ती दोघं खोल्याखोल्यांतून हिंडली. एकदा कुमारला खरोखरच वाटलं की पायाखाली गार फरशी आहे आणि मागच्या दारातून हौदात पाणी पडल्याचा आवाज येतोय. मग लक्षात आलं की शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी उठून वुझू करत, नमाजाआधी हातपाय धूत होतं.

बाण स्वयंपाकघरात पोचला. खिडकी अजून नव्हती.

"आकड्यांनी चालतंय की सगळं," विभावरी म्हणाली. "मग ठेवा खिडकी आणि पाठवा. आत्ता."

कुमार म्हणाला, असं कसं, खिडकी म्हणजे बारीक काम असतं, आकड्यांनी ते साधायचं नाही, माऊस दुरुस्त झाला की पाचच मिनिटांत. विभावरी चिडली नाही. चिडली असती तर कुमारला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला ते घर संपवायचंच नाहीये," ती म्हणाली. "ते संपलं तर तिथे राहायला जावं लागेल."

ती स्टूल घेऊन उठून गेली. कुमारला तिच्या पाठोपाठ जाऊन काहीतरी बाणेदार बोलायचं होतं. शिकलेला माणूस, तीस जणांचा वरिष्ठ, त्याच्यावर असला आरोप. पण खरं सांगायचं तर बुधवारी बाण हलला नाही तेव्हा, घाबरण्याच्या आधी, त्याला अगदी किंचित हायसं वाटलं होतं. ते आता त्याला आठवलं. अबकैकला त्याला सगळे ओळखत होते. भोरला कोण ओळखणार होतं? तिथे कुठल्या घड्याळात दाब बघायचा, कुठली सुई सांभाळायची? नकाशातल्या घरात हा प्रश्न कधी पडत नसे. शनिवारचा अख्खा दिवस त्याने आणि विभावरीने एकमेकांना फक्त मीठ आणि पाणी मागितलं.

रविवारी प्लान्टवरून आल्यावर कुमारने दोन्ही माऊस पिशवीत घातले आणि तो बाजारामागच्या गल्लीत गफूरभाईंच्या दुकानी गेला. गफूरभाई हर्णैचे. बावीस वर्षं खोबरमध्ये रेडिओ, मोबाइल, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करत आलेले. असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की ते तासभर दुकान उघडायचे. त्या दिवशी गल्लीत त्यांच्याशिवाय एक मांजर फक्त जागं होतं. रोजा असल्यामुळे गफूरभाई कमी बोलत होते आणि त्याहून कमी हलत होते. कुमारने चार दिवसांची कथा सांगितली, कॅटसकट. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली.

मग त्यांनी गिरीशचा माऊस आपल्या कॉम्प्युटरला जोडला. तो पळायला लागला. कुमारचा जोडला. तो टिक्-टिक् करू लागला, पण जागचा हलेना. गफूरभाईंनी दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं.

"हेला येक आजार हाय," ते कुमारच्या माऊसकडे बघून म्हणाले. "दुसरा आजार तुमच्या त्या दोस्ताने तुमच्या मशीनला लावलान."

त्यांनी कुमारचा माऊस उलटा केला. पोटाला लाल दिवा लुकलुकत होता. गफूरभाईंनी वायर काढली. दिवा विझला, तरी ते भोक लालच राहिलं. चार दिवस कुमारने आणि गिरीशने तो माऊस दहा वेळा उलटा केला होता, पण दर वेळी तो जोडलेलाच होता आणि लाल दिव्यात लाल काही आहे हे कोणाला दिसणार? गफूरभाईंनी काडीला कापूस गुंडाळला, भोकात फिरवला आणि बाहेर काढून नाकाशी धरला.

"हे कुकू हाय," ते म्हणाले.

कुमारने नकळत गल्लीकडे बघितलं. मंगळवारी खंडेनवमी होती. इथे उघड पूजा चालत नसे, म्हणून विभावरी दरवर्षी पडदे ओढून घ्यायची आणि घरातल्या हत्यारांची पूजा करायची. हत्यारं म्हणजे कात्री, शिलाई मशीन, मिक्सर, गाडीची किल्ली. या वर्षी तिने माऊसलाही घेतलं होतं. पाठीवर लावलं तर यांच्या हाताला लागेल म्हणून तिने त्याला उलटा केला असणार आणि पोटाला जिथे दिवा दिसला तिथे, तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट टेकवलं असणार. या वर्षीच का, हे कुमारला कोणी सांगायची गरज नव्हती. ती बाई डोळे मिटून काय पुटपुटली असेल तेही त्याला कळलं, आणि त्या गल्लीत, दोन माऊस समोर ठेवून, त्याला स्वतःची फार लाज वाटली.

गफूरभाईंना वाटलं तो घाबरला. त्यांनी आवाज खाली आणला.

"घाबरू नका, भाऊ. आमच्या बाजूची काकी दर दसऱ्याला माझ्या बापाच्या होडीला पन लावायची. कोन काय बोलायचा नाय. बायकोला रागे भरू नका. येवडा सांगा, पुजा करा, पन पाठीला करा. हेचा डोला प्वाटाला हाय."

त्यांनी काही घेतलं नाही. कुमारने दुसऱ्या दिवशी रोजा सोडायला खजूर पाठवतो म्हटलं, ते त्यांनी मान हलवून मान्य केलं. परत येताना कुमार उगीचच समुद्राच्या बाजूने आला. पाणी इतकं संथ होतं की ते कोणीतरी रंगवून ठेवलंय असं वाटत होतं. आता अडचण कळली होती. एक अडचण श्रद्धेने आली होती, दुसरी विद्येने. पहिली गफूरभाईंनी काढली होती आणि दुसरी, फाइलीतलं माऊसचं नाव पुन्हा पहिल्यासारखं केलं की निघणार होती. तो घरी गेल्यावर गिरीशला बोलावणार होता, खिडकी ठेवणार होता, कुंकवाबद्दल चकार शब्द काढणार नव्हता. खिडकी कुठे ठेवायची ते मात्र अजूनही ठरत नव्हतं.

दार उघडून तो आत आला तर विभावरी फोनवर होती. पाठमोरी. तिच्या हातात स्वयंपाकघरातलं बरणीवर बांधायचं सुतळीचं रीळ होतं आणि फोनची लांब वायर ओढत, घर आखत असल्यासारखी ती फ्लॅटभर चालत होती.

"घ्या लिहून, मिस्त्री," ती म्हणत होती. "ओटी पूर्वेला. लांबी चौदा फूट. चपलांसाठी दाराच्या उजव्या हाताला दीड फूट सोडा. मग माजघर, अठरा बाय बारा. त्याच्या डाव्या हाताला मुलीची खोली, दहा बाय अकरा, तिची खिडकी पश्चिमेला."

कुमार पिशवी हातात घेऊन दारातच उभा राहिला. तिने कागद घेतला नव्हता. एकही आकडा ती चुकत नव्हती. सहा वर्षं तो समजत होता की तिला त्या रेघांमधलं काही कळत नाही, आणि ती सगळं घर पाठ करून बसली होती. अकराही स्वयंपाकघरं तिला ठाऊक असणार, त्याला वाटलं, आणि त्यातलं कुठलं नको होतं तेही. नकाशातल्या मागच्या दाराच्या दोन पायऱ्या जिथे आल्या असत्या तिथे ती थांबली, वळली, आणि तिला कुमार दिसला. ती दचकली नाही. बोलणंही थांबवलं नाही.

"आता स्वयंपाकघराची खिडकी," ती फोनमध्ये म्हणाली. "ओट्याच्या समोरच ठेवा. हौदाकडे. साडेतीन बाय चार. हो, एवढीच. झालं."

झालं. कुमारने ऐकलं. खिडकी तिथेच हवी होती हे त्याला लगेच पटलं, दुसरीकडे कुठे ती असूच शकत नव्हती. पलीकडून मिस्त्री काहीतरी बोलत होते. विभावरीने ऐकून घेतलं, मग रिसीव्हर कुमारपुढे धरला.

"तुम्हाला काहीतरी विचारायचं म्हणतात."

कुमारने रिसीव्हर कानाला लावला. अडीच तास पुढे असलेल्या भोरमध्ये कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"सायेब, बाईंनी समदं ब्येस सांगितलं," धोंडीराम मिस्त्री म्हणाले. "उद्या सकाळीच दोरी मारतो. फकस्त येक इचारायचं व्हतं. बाह्येरची मानसं घर बांधत्यात आन् येत न्हाईत. मंग दारा-खिडक्यांना वाळवी लागती. आमी आता इचारूनच लाकूड आनतो. ऱ्हायला येनार नसाल तर नुस्ती चौकट उभी करून इटानं बुजवून ठेवतो. त्यात लाज न्हाई. पर खरं काय त्ये सांगा. दारं बसवू का?"

विभावरी समोर उभी होती. सुतळीचं रीळ तिने दोन्ही हातांत धरलं होतं आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. चौदा वर्षांत तिने कधी हट्ट केला नव्हता, आणि आताही करत नव्हती. कुमारला एकाएकी प्लान्टवरचं आपलं कपाट आठवलं, कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या कचेरीतले कायमचं जाणाऱ्यांनी भरायचे फॉर्म आठवले, ज्यांच्याकडे तो इतकी वर्षं मान वळवून बघत नसे.

"मिस्त्री," तो म्हणाला, "दारं बसवा."

"कवापर्यंत?"

"पुढच्या पावसाळ्याच्या आत. आम्ही पावसाला तिथे असू."

पलीकडे मिस्त्रींनी बरं म्हणून फोन ठेवला. कुमारने रिसीव्हर विभावरीकडे दिला, तिने तो जागेवर ठेवला आणि मग ती फोनजवळच्या स्टुलावर बसून, रीळ मांडीवर घेऊन, रडली. मोठ्याने नाही, पण पुष्कळ. कुमारला तिच्या शेजारी बसायचं होतं. स्टूल एकाच माणसापुरतं होतं. म्हणून तो पिशवी बाजूला ठेवून खाली फरशीवर, तिच्या पायाशी बसला.